आमेन म्हणजे अंगठा

"डोळे मिट, तबिथा," आढाव मास्तर म्हणाले.

मी मिटले नाहीत. खोलीत बाकी सगळ्यांनी मिटले होते. माझे उघडे आहेत हे कळायला मास्तरांनाही स्वतःचे उघडावे लागले, आणि आमची नजरानजर झाल्यावर त्यांनी घाईनं पुन्हा मिटले. याच मास्तरांनी चर्चमधल्या लहान मुलांच्या शब्बाथ शाळेत, प्रार्थनेत डोळे उघडले म्हणून माझी वेणी ओढली होती. आता मी लग्न झालेली बाई होते. वेणी ओढायची सोय राहिली नव्हती.

रविवारची दुपार होती. उपासना आटोपून मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच आमच्या खोलीवर आले होते. आमची म्हणायची, पण खोली मंडळीचीच. चर्चच्या मागच्या भिंतीला लागून. माझे बाबा, शांतवन, चर्चची घंटा वाजवायचे, झाडलोट करायचे, आणि त्या कामावर राहायला ही खोली मिळालेली. आई मी लहान असतानाच गेली. तर त्या एवढ्याशा खोलीत सतरंजी टाकून सगळे गुडघ्यांवर बसले होते. मधे मास्तर, त्यांच्या मागे दोघे पंच, दाराशी शेजारची सगुणा मावशी, चुलीपाशी बाबा. माझ्या समोर पांढऱ्या शर्टात माझा नवरा. आणि माझ्या उजव्या हाताला माझी सासू, गोदाबाई. ती आली तेव्हा डावीकडे भरपूर जागा होती, तरी ती वळसा घालून उजवीकडेच येऊन बसली. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

बाहेर टेम्पो उभा होता आणि टेम्पोत माझी पेटी. ती चढवताना मला कुणी विचारलं नव्हतं. प्रार्थना व्हायची, चहा व्हायचा, आणि मग मी पेटीशेजारी बसून बेलगावला परत जायचं, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. आमच्यात कुणाचं भांडण मिटवायचं झालं की घरी येऊन अशीच प्रार्थना करतात. तिला समेटाची प्रार्थना म्हणतात. समेट आधीच ठरलेला असतो, प्रार्थना वर झाकायला असते.

नाताळ झाल्यावर मी बेलगाव सोडलं होतं. नवरा भजनी मंडळ घेऊन दुसऱ्या गावाला गेला होता. मी पेटी उचलली, डोक्यावर घेतली आणि एसटी धरली. सासू दारात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्या अंगावरून गेले. तिनं वर पाहिलं नाही आणि सूप बाजूला घेऊन मला वाट दिली.

आल्यावर मी बाबांना एवढंच सांगितलं, "मी परत जाणार नाही." काय झालं ते बापाला कसं सांगायचं? म्हणून मास्तरांकडे गेले. मंडळीत शहाणा माणूस तोच. मी तोंड उघडलं की ते म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची, तबिथा." पुन्हा गेले. "घरोघरी मातीच्या चुली, तबिथा." असल्या म्हणींचा त्यांच्याकडे साठा होता. पुढचं वाक्य काही मला बोलता आलं नाही. सगुणा मावशीला सांगायला गेले तर ती म्हणाली, "पुरुषाचा हात हाय, उठायचाच. तू प्रार्थना कर अन् सोस." बाबा म्हणाले, "पोरी, खोली मंडळीची हाय." आणि खाली मान घालून दोरीला गाठ मारत बसले.

बाबांना लिहाय-वाचायला येत नव्हतं, पण एका बाबतीत माणूस फार हट्टी. कुणाच्याही प्रार्थनेला ते असंच आमेन म्हणायचे नाहीत. मी लहान असताना एका पंचानं भर उपासनेत आपल्या भावकीच्या विरुद्ध अशी काही प्रार्थना केली की ऐकणाऱ्यांनी आतून हसू दाबलं. शेवटी सगळे आमेन म्हणाले, बाबा गप्प. घरी येताना मी विचारलं, तर म्हणाले, "आमेन म्हणजे अंगठा, तबे. तुझ्या आज्यानं कागद समजून न घेता असाच एक अंगठा दिला अन् रान गेलं. कोन काय मागतंय ते ऐकावं, मगच द्यावा."

मी लक्षात ठेवलं होतं. आणि त्या दुपारी बाबा कुणाकुणाला अंगठा देतात हे मला बघायचं होतं. म्हणूनही डोळे उघडे होते.

आधी एक गीत झालं. माझ्या नवऱ्यानंच उचललं. त्याचा आवाज गोड होता, खोटं कशाला बोलू. मग बायकांनी नवऱ्याच्या आज्ञेत राहावं हे वचन मास्तरांनी शास्त्रातून वाचलं, आणि त्याच्या पुढचं, नवऱ्यांना उद्देशून असलेलं, वाचायच्या आत चष्मा काढून ठेवला. मग ते प्रार्थनेला लागले.

"हे दयाळू पित्या, तुझी ही मुलगी, हिची बुद्धी भरकटली आहे. हिनं रागाच्या भरात घर सोडलं. हिच्या म्हाताऱ्या बापाच्या तोंडाला काळं लागू देऊ नकोस. हिचं मन मऊ कर. हिला लीन कर. सोसण्याची शक्ती दे."

देवाशी बोलतायत असं दाखवायचं आणि मला सुनवायचं. आमच्याकडे ही विद्या पुष्कळांना येते. तोंडावर बोललं तर समोरचा उत्तर देईल. प्रार्थनेत बोललं तर कोण उत्तर देणार? मास्तरांनीच आम्हाला शिकवलेलं, प्रार्थना चालू असताना मधे बोलणं म्हणजे देवाच्या तोंडावर हात ठेवणं.

"आमेन," पंच म्हणाले. "आमेन," सगुणा मावशी म्हणाली. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. माझ्या उजवीकडूनही काही ऐकू आलं नाही, पण तिकडे माझं लक्ष नव्हतं.

मग नवऱ्यानं सुरुवात केली. त्याची प्रार्थना म्हणजे बेलगावात नावाजलेली. बायका पदरानं डोळे पुसायच्या. "प्रभू, मी धूळ आहे," तो म्हणाला, "माझ्या हातून उणं-अधिक झालं असेल तर क्षमा कर. माझं घर तिच्याविना ओस पडलंय. घरच्या वेदीवर दिवा नाही, प्रभू." दारातली सगुणा मावशी मुसमुसायला लागली. मागचे पंच "होय प्रभू, होय प्रभू" करायला लागले. मी त्याच्या हातांकडे बघत होते. बोटं एकमेकांत गुंतवून त्यानं छातीशी धरली होती. लांबसडक, स्वच्छ बोटं, हार्मोनियमवर फिरणारी.

आमेन झालं. बाबा पुन्हा गप्प. मास्तर आता शेवटची प्रार्थना घेऊन उठवतील असं मला वाटलं. पण त्यांच्या मनात काय आलं, कुणास ठाऊक. बहुतेक वाटलं असेल, पोरीच्या तोंडून पश्चात्ताप वदवून घेतला की काम पक्कं होईल.

"तबिथा," ते मायेनं म्हणाले, "तूही दोन शब्द बोल. प्रभू, मला क्षमा कर, एवढं म्हटलंस तरी पुरे."

मला वाटतं, माझ्या आयुष्यात मास्तरांनी माझ्यावर केलेला तो सगळ्यात मोठा उपकार.

"देवबापा," मी म्हणाले, "मास्तर म्हणतात दोन शब्द बोल. ते दोन शब्दांत होण्यासारखं नाही, तर तू जरा टेकून बस."

मागच्या एका पंचाला खोकला आला.

"मास्तरांनी तुला सांगितलं की मी घर सोडलं. ते खरं आहे. रत्नाकरनं तुला सांगितलं की..."

इथं सगुणा मावशीचं मुसमुसणं थांबलं. नवऱ्याचं नाव मी तोवर तोंडानं घेतलं नव्हतं. आमच्यात बायका घेत नसत. हे, ते, आमचे मालक, असं चालायचं. पण देवाला सांगायचं तर कुणाबद्दल सांगतेय हे नको का स्पष्ट व्हायला? रत्नाकरनं डोळे उघडले. माझे उघडेच होते. मी त्याच्याकडे बघून पुढे बोलले.

"रत्नाकरनं तुला सांगितलं की त्याच्या हातून उणं-अधिक झालं. ते काय, ते त्यानं तुला सांगितलं नाही. म्हणून मी सांगते. तुला ठाऊक आहे, देवा. पण या खोलीत कुणाला ठाऊक नाही, आणि दुसरीकडे कुठं मला बोलू देत नाहीत."

"आमेन," मास्तर म्हणाले. चांगलं ठणकावून म्हणाले, दाराला कडी घालावी तसं.

"अजून संपलं नाही, देवा," मी म्हणाले. "मधे कुणी तुझ्या तोंडावर हात ठेवला, मला माहीत नाही."

मास्तरांचा चेहरा तांबडा झाला. पण डोळे त्यांनी उघडले नाहीत. सगळ्या मंडळीला चाळणीतल्या दाण्यासारखं चाळून त्यांनी तो नियम शिकवला होता, आता तो मोडायचा कसा? रत्नाकर उठायला लागला. "बस," त्याची आई एकच शब्द बोलली, तोही डोळे मिटून. तो बसला.

"देवा, त्याच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची. न चुकता. तो गायचा, आम्ही म्हणायचो. मग तो हार्मोनियम झाकायचा. हळू झाकली तर त्या दिवशी काही नाही. झाकण आपटलं की मी उठून खिडकी लावून घ्यायची. मीच लावायची, शेजारी ऐकायला जाऊ नये म्हणून. भाकरी करपली, पाणी द्यायला उशीर झाला, गीत म्हणताना माझा सूर चुकला. काहीही चालायचं त्याला. एकदा सूर चुकला म्हणून डाव्या कानाखाली मारली. त्या दिवसापासून तो कान गेला. देवा, माझ्या बापानं घंटा वाजवली तरी मला ती एकाच बाजूनं ऐकू येते. बाबाला मी हे सांगितलं नव्हतं. त्याला आत्ता कळतंय. त्याला सांभाळ."

चुलीपाशी काहीतरी हललं. चहाचं पातेलं उतू जात होतं, फसफस आवाज येत होता, आणि बाबा त्याच्याकडे हात पुढे करून तसेच राहिले होते.

खरं सांगते, तोपर्यंत मी देवाशी बोलत नव्हते. मी मास्तरांना सुनवत होते, मावशीला, त्या दोघा पंचांना. त्यांचीच विद्या त्यांच्यावर चालवत होते आणि मला त्यात मजा येत होती. मजाच म्हणायची ती. पण बाबांचा तो हात पाहिला आणि माझं सगळं अवसान गेलं. पुढं काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"तू तिथंच होतास ना?" मी म्हणाले. "रोज तुझं नाव घेऊनच सुरुवात व्हायची. तुला बोलावून, मानानं बसवून मग मला मारायचा. मग तू काय करत होतास? बघत होतास? मी तोंडात पदराचा बोळा कोंबून तुला हाका मारल्या. फार हळू मारल्या की काय? तुला ऐकूच आल्या नाहीत, इतक्या हळू? तुझाही कान गेला का?"

आवाज चढला होता माझा. बाहेर टेम्पोवाल्यानं बिडी टाकून मान आत वळवलेली मला दिसली. मला कुणाचीच लाज वाटली नाही. मी भांडत होते. आणि भांडता भांडता मला कळलं की समोर कुणीतरी आहे. मोकळ्या भिंतीशी माणूस असं भांडत नाही. लग्नानंतर इतक्या प्रार्थना म्हटल्या, एकीतही मला असं वाटलं नव्हतं.

मग मी शांतपणे बोलले.

"देवा, मला शांती देऊ नकोस. सोसण्याची शक्ती तर अजिबात देऊ नकोस. ती माझ्यासाठी सगळ्यांनी मागितली आणि तू दिलीसही. आता बंद कर. मला कामाला काम दे आणि पाठ टेकायला चार हात जागा दे. आणि मी बेलगावला जात नाही. हे मी मागत नाही, तुला सांगून ठेवते. येशूच्या नावाने. आमेन."

आता नियम असा की एकानं आमेन म्हटलं की बाकीच्यांनी म्हणायचं.

कुणी म्हणेना. चहा उतू जाऊन चूल विझली होती, तिचा धूर खोलीत फिरत होता. मास्तर गुडघ्यांवर तसेच. प्रार्थनेला आमेन नाही म्हटलं तर देवासमोर तिला नाकारल्यासारखं, म्हटलं तर माझ्या कागदावर अंगठा. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांकडून आमेन घेतलं होतं, द्यायची वेळ आली तेव्हा माणूस अडकला. मी बाबांकडे बघत होते. माझी सगळी आशा त्या एका माणसाच्या तोंडावर होती. त्यांनी आमेन म्हटलं नसतं तर मी कुठं गेले असते, मला माहीत नाही. पेटी होती, डोकं होतं, रस्ता होता. पण घर नव्हतं.

"आमेन."

बाबांचा आवाज नव्हता तो. माझ्या उजव्या कानाशी आला होता. गोदाबाई डोळे मिटून, हात जोडून, अगदी स्पष्ट म्हणाली. रत्नाकर तिच्याकडे बघतच राहिला.

आणि मग बाबा. "आमेन," ते म्हणाले, आणि एकदा म्हणून त्यांचं समाधान झालं नसावं, "आमेन, देवा, आमेन," असं म्हणत भिंतीला धरून उभे राहिले.

"ही काय प्रार्थना झाली?" मास्तर उठायची धडपड करत म्हणाले. गुडघे धरले होते त्यांचे. "देवाशी असं बोलतात?"

"मास्तर, तुम्ही डोळे मिटून ऐकलीत ना?" मी म्हणाले. "मग प्रार्थनाच होती."

"शांतवन, तू तरी समजावून सांग हिला. खोलीचा विचार कर."

"केला," बाबा म्हणाले. "मंडळीला खोली पाहिजे असंल तर उद्या सोडतो. घंटेची दोरी कुनाच्या हातात द्यायची तेवढं सांगा. पर मी अंगठा दिलाय, मास्तर. आता माघारी घेता येत नाही."

खोली कुणी काढून घेतली नाही, हे सांगून टाकते. पहाटे उठून घंटा ओढायला पंचांपैकी कोण तयार होणार?

रत्नाकरनं चपला घातल्या. माझ्याकडे बघितलं नाही. "आई, ऊठ. चल," तो म्हणाला.

"उठते," गोदाबाई म्हणाली. "आधी तिची पेटी उतरव."

"टेम्पोवाला उतरवील."

"तू उतरव. तुझे हात धड हायेत."

त्यानं उतरवली. खाली ठेवताना आपटली, पण उतरवली. पेटी आत न्यायला बाबा गेले तर मावशी आधीच दुसऱ्या बाजूनं कडी धरून उभी होती. रडत होती, आणि रडताना मला शिव्या देत होती की आधी का नाही सांगितलंस, भवाने.

सांगायला आले होते, मावशी. पण ते मी तेव्हा बोलले नाही.

गोदाबाई टेम्पोकडे चालली. मी तिच्या मागे गेले. मला तिला म्हणायचं होतं की तुम्ही पण जाऊ नका. पण तिचा बाप कधीच गेलेला, भाऊ कोण कुठं, आणि तिला बोलवायला माझ्याकडे कुणाची खोली होती? ती टेम्पोच्या दांड्याला धरून थांबली, वळली, माझ्या डाव्या बाजूला उभी होती ती, तर फिरून उजव्या बाजूला आली. सवयीनं आल्यासारखी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की कान गेल्यापासून ती माझ्याशी नेहमी याच बाजूनं बोलत आली होती. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तिला सांगायची गरजच पडली नव्हती.

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. कपाळावर केसांच्या आत एक जुना व्रण होता, तो मी कितीदा तेल लावून देताना पाहिला होता. विचारलं मात्र कधी नव्हतं.

"तबे," ती म्हणाली, "प्रार्थनेत माझं पण नाव घेत जा."

"घेईन, आत्याबाई."

"मनातल्या मनात नको. मोठ्यानं घे."

टेम्पो गेला.

पुढच्या रविवारी उपासनेत पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, आले होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, कुणाला कुणासाठी प्रार्थना मागायची आहे का. एक आजारी, एक परीक्षेचा, एक विहिरीच्या पाण्यासाठी, असं झालं. मग मी उभी राहिले. मागच्या बायकांचं बघणं मला पाठीवर कळत होतं.

"बेलगावच्या गोदाबाईसाठी," मी म्हणाले, "तिच्या नवऱ्यानं तिला मारलं, आता तिचा मुलगा हात उचलील म्हणून. देवानं तिला सोडवावं."

पाळकसाहेबांचा आवाज थोडा अडखळला, पण त्यांनी ते नाव घेतलं. शेवटी मंडळीनं आमेन म्हटलं. मागून, दाराजवळून, घंटेच्या दोरीपाशी उभ्या असलेल्या बाबांचं आमेन सगळ्यात मोठं होतं.

मास्तर म्हणाले की नाही, मला सांगता येणार नाही. आमच्याकडे पुरुष डावीकडे बसतात.